मॅडम, तुम्ही कोणाच्या वकील?

सरकारी ऑफिसात समितीच्या मीटिंगला गेले की हा प्रश्न हमखास येतो. कधी शिपाई विचारतो, कधी तक्रार करणारी बाई स्वतः विचारते, एकदा तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या साहेबांनीच विचारलं. मी तिथे कोणाचीच वकील नसते. २०१३ च्या पॉश कायद्याप्रमाणे, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, ऑफिसात जी अंतर्गत समिती असते तिच्यात एक मेंबर बाहेरचा लागतो, त्या ऑफिसच्या पगारावर नसलेला, एखाद्या संस्थेतला किंवा या विषयाची माहिती असलेला, आणि कामगार कायदा, सर्व्हिसचे नियम, दिवाणी-फौजदारी कायदा जाणणारी व्यक्तीपण चालते, म्हणून आमच्यासारखे वकील तिथे येतात.

आधीच सांगते, कलम १६ प्रमाणे ही चौकशी गुप्त असते, त्यामुळे खालचं सगळं दोन-तीन प्रकरणांतलं मिळून लिहिलंय, ऑफिस कुठलं वगैरे विचारू नका.

एक मुलगी, कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर. तिने तक्रार रीतसर आस्थापनेत नेऊन दिली, तिथल्या माणसाने सवयीने आवकचा शिक्का मारला आणि रजिस्टरमध्ये विषयाच्या रकान्यात सगळं स्पष्ट लिहून टाकलं. दुपारच्या डब्यापर्यंत दोन मजल्यांना कळलं. त्यात वर तिला सांगितलं गेलं की तू एजन्सीची आहेस, आमची कर्मचारी नाहीस, तक्रार एजन्सीकडे कर. हे साफ चूक आहे. कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी, सगळ्या बसतात. पण ती बिचारी एजन्सी आणि ऑफिस अशा फेऱ्या मारत बसली आणि कागद समितीकडे आला तेव्हा पाच आठवडे गेले होते. तक्रारीला मुदत असते तीन महिन्यांची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण हे तिला कोण सांगणार? लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करायची जबाबदारीसुद्धा समितीची आहे.

आता जबाबाचं सांगते, कारण माझ्या मते सगळं काम तिथेच असतं. मुलगी बोलत होती, समोर एक सीनियर लिपिक टाइप करत होते, चांगला माणूस, मराठी टायपिंग एकदम फास्ट. ती म्हणाली, "फाईल घेताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही, मी दोनदा म्हटलं सर सोडा." मी स्क्रीनकडे बघितलं तर तिथे आलं होतं, "सदर अधिकाऱ्याने माझ्याशी गैरवर्तन केले." एवढंच! मनगट गेलं, दोनदा सोडा म्हणणं गेलं, फाईलपण गेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पंचवीस वर्षं टिपण्या लिहून हात तसाच वळलेला. मी थांबवलं, म्हटलं दादा, ती बोलली तेच शब्द, जसेच्या तसे. कारण उद्या हा रिपोर्ट वर जाईल, अपील होईल, हायकोर्टात जाईल, आणि तिथे बसलेल्या माणसाला "गैरवर्तन" या शब्दातून काय दिसणार आहे? पलीकडचा म्हणेल, मी तिला कामावरून रागावलो होतो, त्यालाच गैरवर्तन म्हणतेय. मनगट लिहिलेलं असेल तर ते म्हणता येत नाही.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, नियमातच बंदी आहे. ऐकायला बरं वाटतं, पण एका बाजूला आयुष्यभर विभागीय चौकश्या बघितलेला अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला तेवीस वर्षांची मुलगी असेल तर तराजू आपोआप कलतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी दोघांनाही सगळं समजावून सांगते, पुढे काय काय होणार, कोणता कागद मिळणार, साक्षीदार कसे द्यायचे. त्या मुलीला हेही सांगितलं की चौकशी चालू असताना लेखी मागितलंस तर त्या साहेबांना दुसरीकडे बसवायची शिफारस करता येते, किंवा तुला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. तिने बदली त्यांची मागितली. बरोबर केलं.

आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं काय? तक्रारीची प्रत त्याला सात दिवसांत गेली पाहिजे, उत्तराला दहा दिवस, कामाचे दिवस हं. आमच्या अध्यक्ष मॅडम मनापासून मुलीच्या बाजूच्या होत्या आणि त्यांना मार्चएंडच्या आत विषय संपवायचा होता, दोन दिवसांत चार साक्षीदार उरकू म्हणाल्या. मी नाही म्हटलं, साक्षीदारांचे जबाब त्या साहेबांना द्या, उलट प्रश्न लेखी मागवा, वेळ द्या. मॅडम माझ्यावर नाराज झाल्या, मुलीलापण वाटलं असेल की ही वकीलबाई त्यांच्याच बाजूची. पण मे २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल माझ्या डोक्यात असतो, गोव्यातल्या विद्यापीठाचं प्रकरण. तिथल्या समितीने सुनावण्या घाईघाईत लागोपाठ घेतल्या, त्यावर एका विभागप्रमुखाला बडतर्फ केलं गेलं, आणि सुप्रीम कोर्टाने ती बडतर्फी रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. तक्रारी होत्या २००९ च्या! चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी. त्या मुलींचं काय झालं असेल याचा विचार केला की मला झोप येत नाही. घाई केली ती त्यांच्यासाठीच, आणि फटका बसला त्यांनाच.

सरकारी नोकरीत तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण याच विषयावरच्या मेधा कोतवाल लेले यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की समितीचा रिपोर्ट हाच विभागीय चौकशीचा रिपोर्ट धरायचा. म्हणजे आम्ही त्या खोलीत जे लिहितो त्यावर माणसाची नोकरी जाऊ शकते. चहा-बिस्किटं खात "बघा बाई, मिटवून टाका" म्हणायची ती जागा नाही.

"खोटी निघाली तर तुझ्यावरच कारवाई होईल" हे तर प्रत्येक बाईला कोणीतरी ऐकवतंच. कलम १४ मध्येच लिहिलंय की नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. हे वाक्य मला प्रत्येक ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावावंसं वाटतं.

त्या दिवशी जबाब प्रिंट करून तिच्या हातात दिला, पाच पानं. लिपिक म्हणाले, सही करा ताई. मी म्हटलं, आधी वाच, सगळं वाच, घाई नाही. तिने चाळीस मिनिटं वाचलं, बोट ठेवून. बाहेर जेवणाची सुट्टी झाली, संपली. तिसऱ्या पानावर थांबली आणि हळूच म्हणाली, "इथे 'सायंकाळी' लिहिलंय, मी सव्वासहानंतर म्हटलं होतं, ऑफिस सुटल्यावर." लिपिकांनी माझ्याकडे बघितलं. साहेब उत्तरात म्हणत होते की ते त्या दिवशी ऑफिस सुटायच्या आधीच बाहेर पडले होते, आणि अंगठ्याच्या मशीनचं रेकॉर्ड आम्ही अजून मागवलेलं नव्हतं. तो शब्द खोडला, वर तिनेच आपल्या हाताने वेळ लिहिली, बाजूला छोटी सही केली, आणि मी लगेच तिथेच बसून रेकॉर्ड मागवायचं पत्र लिहायला घेतलं.