हायस्कूलचं संगीत नाटक आणि विंगेतली मुलं

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या गावात पिझ्झाच्या दुकानापासून लाँड्रीपर्यंत सगळ्या काचांवर हायस्कूलच्या म्युझिकलची पोस्टरं झळकतात. म्युझिकल म्हणजे आपलं संगीत नाटकच. आपल्याकडे १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं, तो वारसा सांगणाऱ्या घरातली मी. त्यामुळे सरकारी शाळेतली मुलं रंगमंचासमोर व्हायोलिन-क्लॅरिनेट घेऊन बसतात आणि अडीच-तीन तासांचं नाटक जिवंत संगीतावर करतात, याचं मला फार अप्रूप.

यंदा शाळेने 'फिडलर ऑन द रूफ' घेतलं. १९६४ साली ब्रॉडवेवर आलेलं हे नाटक १९०५च्या रशियातल्या एका ज्यू खेड्यात घडतं. तेव्ये हा गरीब दूधवाला, त्याला पाच मुली. थोरली मध्यस्थ बाईने आणलेलं श्रीमंत खाटकाचं स्थळ नाकारून शिंप्याशी लग्न करते, दुसरी क्रांतिकारकामागे सायबेरियाला जाते, तिसरी धर्माबाहेर लग्न करते. लेकीने जेवताना ही गोष्ट सांगितली तेव्हा नाशिकहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्याच घरातलं!"

लेक नववीत आहे. तिला गाता येत नाही, ती स्टेज क्रूमध्ये गेली. ऑडिशनमध्ये सगळ्यांनाच भूमिका मिळत नाहीत, पण क्रूमध्ये काम करायचं म्हटलं तर आमच्या शाळेत कुणाला परत पाठवत नाहीत. काळे कपडे घालून अंधारात घर हलवायचं, पलंग आणायचा, नेमक्या चौकोनावर ठेवायचा. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा असतात, प्रत्येक प्रवेशाचा रंग वेगळा. स्टेज मॅनेजर म्हणजे बारावीतली एक मुलगी. हेडसेटवर तिने आधी 'स्टँडबाय' आणि मग 'गो' म्हटल्याशिवाय एक दिवा बदलत नाही. तालमीत शिक्षकसुद्धा तिच्या इशाऱ्याची वाट बघत उभे होते, ते दृश्य मला फार आवडलं.

आपल्या गॅदरिंगमध्ये मुलं नाचतात आणि बाकीचं सगळं मोठी माणसं करतात. इथे मोठ्यांनी खिळे ठोकायचे, कपडे शिवायचे, पैसे उभे करायचे. नाटक चालवायचं मुलांनी. मला हे मनापासून पटतं.

पैसा बराच लागतो. परवाना म्युझिक थिएटर इंटरनॅशनल या कंपनीकडून घ्यायचा, रॉयल्टी भरायची, परवानगीशिवाय संवाद किंवा गाणं बदलायचं नाही. तिकिटांवर भागत नाही म्हणून कार्यक्रमपत्रिकेत जाहिराती घेतात: दाताचे डॉक्टर, गॅरेजवाला, आमचा भारतीय किराणावाला. एका मुलाचे वडील सुतार, ते शनिवारी येऊन मुलांना ड्रिल धरायला शिकवायचे. शेवटच्या आठवड्यात तालमी रात्रीपर्यंत चालतात, तेव्हा पालक आळीपाळीने जेवण नेतात. आमच्या पाळीला मोठं पातेलं भरून पावभाजी गेली आणि पातेलं पुसून परत आलं.

सासूबाईंनी खेड्यातल्या बायकांचे डोक्याचे रुमाल शिवले. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, पण वेशभूषेच्या खोलीत सुई-दोऱ्यावर कामं भागली. शेजारी बसणाऱ्या ज्यू आजींनी त्यांना ज्यू लग्नातला मांडव हाताने कापड ताणून दाखवला. चार खांबांवर धरलेलं वस्त्र. सासूबाई घरी येऊन दोन दिवस अंतरपाटाबद्दल बोलत होत्या.

लग्नाच्या प्रवेशात डोक्यावर बाटली ठेवून करायचा नाच असतो. गुडघ्यांवर बसून पुढे सरकायचं, हात न लावता. बाटल्या टोपीला चिकटवा, असं सुचवलं गेलं होतं, मुलं ऐकेनात. कॉरिडॉरमध्ये गाद्या टाकून त्यांनी आठवडेच्या आठवडे सराव केला. शनिवारच्या खेळात एकाची बाटली पडली. तो झटकन बाजूला झाला, टाळ्या वाजवत उभा राहिला, उरलेल्यांनी ओळ जुळवून घेतली. प्रेक्षागृह अक्षरशः दणाणलं. बाटली घरंगळत विंगेत आली ती लेकीने पायाने अडवली. तो क्षण ती अजून सांगते.

शेवटचा खेळ संपला की त्याच रात्री सेट मोडायचा. तेव्ये झालेला मुलगा मेकअपसकट स्वतःच्याच घराचे स्क्रू काढत होता. चांगल्या फळ्या मागच्या खोलीत रचल्या, वाकड्या टाकून दिल्या. रुमाल आम्ही घरी आणले, धुतले, इस्त्री करून शाळेच्या कपाटात ठेवले. पुढे कुठलंही खेडं उभं करायचं असलं तर उपयोगी पडतील.