पंक्चर नाही म्हणे, मग हवा जाते कुठे?

गाडी काढण्याआधी दहा मिनिटं तिच्याभोवती फिरून सगळं बघायची सवय मी दोन वर्षांपूर्वी लावून घेतली. ऑइल, कूलंट, दिवे, वायपर हे पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडलं. मला छळलं ते मागच्या डाव्या चाकानं, आणि चाकापेक्षाही जास्त टायरच्या दुकानात तीनदा ऐकलेल्या एका वाक्यानं: "मॅडम, पंक्चर नाही."

हवा किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. माझ्या गाडीला चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). टायरवर कोरलेला मोठा आकडा बघून भरू नका, ती टायरची कमाल मर्यादा असते. एका सकाळी तीन चाकं ३३ आणि हे एक २९. भरून आणलं. आठवड्यानं पुन्हा २९.

दुकानात गेले. मुलानं चाक काढलं, पाण्याच्या टबात गोल फिरवलं, एकही बुडबुडा नाही. "थंडीनं उतरत असेल." थंडीनं हवा उतरते हे खरंच आहे, तापमान पाच-सहा अंशांनी घसरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. पण थंडी काय एकाच चाकाला वाजते? हे मी विचारलं, तर तो पुढच्या गाडीकडे वळला.

दुसऱ्या वेळी दीड तास बसवून ठेवलं. उत्तर तेच. शिवाय मी निघताना "सगळ्या चाकांची हवा बघून देतो" म्हणून चारही चाकांतली सोडून ३३ वर आणली. दुसऱ्या सकाळी मोजते तर बाकी तिन्ही चाकं ३० वर! कारण मी लांबून गाडी चालवत आले होते, टायर तापलेले होते, आणि तापल्यावर आकडा तीन-चारनं वाढलेला दिसतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. तापलेल्या टायरची हवा कधी सोडू देऊ नका. मला याचा राग आजही येतो, कारण कमी हवेवर टायरच्या बाजू जास्त वाकतात, तापतात, आणि वेगात असताना तोच टायर फुटू शकतो. त्याच दिवशी हवा मोजायचा स्वतःचा गेज घेतला. तुम्हीही घ्या, आणि नेहमी एकाच गेजनं मोजा.

तिसऱ्या वेळी पुन्हा टब, पुन्हा "पंक्चर नाही." घरी आले आणि साबणाचं पाणी कालवलं. हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंब लावला, हलला नाही. रिमच्या कडेनं ब्रश फिरवला, काही नाही. शेवटी व्हॉल्व्हची रबरी दांडी बोटानं एका बाजूला दाबली, आणि मुळाशी फसफस फेस आला. रबराला बारीक चीर होती! टबात चाक सावकाश फिरतं, दांडी सरळ असते, चीर मिटलेली राहते. गाडी वेगात असली की दांडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि चीर उघडते. टबात ती दिसणारच नव्हती.

दुकानात जाऊन त्याच्यासमोर दांडी दाबून दाखवली. या वेळी तो काही बोलला नाही. नवा व्हॉल्व्ह बसायला फार वेळ लागला नाही. टायर मी आधीच बदलले होते, पण व्हॉल्व्ह जुनेच राहिले होते, म्हणून चारही बदलून घेतले. नवे टायर घालताना व्हॉल्व्ह नवे घातले का, हे तोंडानं विचारा.

हे सगळं सापडलं ते वहीमुळे. दर वेळी तारीख आणि आकडे लिहिते. चारही आकडे एकत्र उतरले तर हवामान, एकच उतरला तर गळती.

आता आठवलं म्हणून सांगते, ब्रेकचे दिवे बघायला दुसरं माणूस लागत नाही. गाडी मागून भिंतीजवळ लावा, ब्रेक दाबा, आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडं थांबून मोजा. कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका. आणि ब्रेक ऑइल कमी दिसलं तर नुसतं ओतून मोकळे होऊ नका. एक तर ब्रेकचे पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय.

चारही चाकं जागेवर आल्यावर मला स्टेपनी आठवली. मोजली तर १६. गाडी घेतल्यापासून तिला कोणी हातच लावला नव्हता. त्याच संध्याकाळी वहीत तिच्यासाठी पाचवा रकाना आखला.