रिलिव्हिंग लेटरवर सही कोण करणार?

आम्ही दोघी मैत्रिणींनी बाणेरमध्ये साडेपाच वर्षे चालवलेली कंपनी बंद करायचे ठरले, तेव्हा नोकरी मिळवणे हा त्यातला सोपा भाग असेल अशी माझी समजूत होती. गृहसंकुलांत येणाऱ्या पाण्याच्या टँकरच्या खेपांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही विकत असू आणि त्याचा बहुतेक कोड माझ्या हातचा होता.

रेझ्युमेवर ‘संस्थापक’ हा शब्द दिसला की एचआरकडून हमखास विचारणा होई : वर्षभरात पुन्हा स्वतःचे काही काढणार नाही ना, आणि वयाने लहान मॅनेजरच्या हाताखाली जमेल का? मीही चूक करत होते. ग्राहक किती होते, गुंतवणूक कशी फिसकटली, हेच सांगत बसे. एका मुलाखतीत समोरच्या इंजिनिअरने मला मध्येच थांबवून विचारले, “यातले तुम्ही स्वतः काय केलेत?” त्या रात्री मी रेझ्युमे नव्याने लिहिला. तळघरातल्या टाकीपाशी नेटवर्क जाई, चालक बटण पुन्हा दाबी आणि एकाच खेपेची दोनदा नोंद होई; म्हणून प्रत्येक खेपेला मोबाइलमध्येच स्वतंत्र क्रमांक देऊन दुसरी नोंद सर्व्हरने नाकारावी अशी व्यवस्था मी केली होती. ते आता पहिल्या ओळीत आले, आणि पुढच्या मुलाखतींत निम्मे प्रश्न त्यावरच निघाले. अल्गोरिदमच्या, म्हणजे कोडिंगची कोडी सोडवायच्या फेरीसाठी मात्र दोन महिने रोज पहाटे घासावे लागले. त्याला इलाज नव्हता.

ऑफर आल्यावर खरा घोळ झाला. पडताळणी करणाऱ्या संस्थेने शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफच्या नोंदी आणि रिलिव्हिंग लेटर, म्हणजे आधीच्या नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, मागितले. शेवटचे दीड वर्ष आम्ही पगारच घेतला नव्हता, आणि कर्मचारी २० पेक्षा कमी असल्याने पीएफ लागू नव्हता. सात जणांच्या रिलिव्हिंग लेटरवर मी सही केली होती. माझ्या पत्रावर शेवटी भागीदार मैत्रिणीने केली. सोबत प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचे उतारे आणि सीएचे पत्र जोडले.

तरीही सरकारी नोंदीत मी संचालक दिसतच होते. कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली एसटीके-२ अर्ज करून कंपनीचेच नाव नोंदीतून काढून घ्यायचे, तर आमच्यासारख्या चाललेल्या कंपनीचे लगतच्या दोन आर्थिक वर्षांतले कामकाज बंद असावे लागते. शिवाय १०,००० रुपये शुल्क. राजीनामाही देता येईना, कारण प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात आणि आम्ही दोघीच होतो. अखेर जुन्या कंपनीत माझे कोणतेही काम वा उत्पन्न उरलेले नाही, असे लेखी दिले आणि ते नव्या कंपनीच्या विधी विभागाने तीन आठवड्यांनी मान्य केले.

आता खराडीला रुजू होऊन आठ महिने झाले. पहिली सॅलरी स्लिप मी तीन ठिकाणी जपून ठेवली आहे. जुन्या कंपनीची वार्षिक विवरणपत्रे मात्र अजून भरावी लागतात, आणि सप्टेंबर उजाडला की सीएचा फोन येतो.