लास वेगासला गाडी भाड्याने घेताना: माझा अनुभव

अमेरिकेत गाडी भाड्याने घेणार असाल तर जी व्यक्ती गाडी चालवणार, तिच्याच नावाचं क्रेडिट कार्ड सोबत ठेवा. ऑक्टोबर 2024 मध्ये हे मला लास वेगासच्या काउंटरवर कळलं आणि ती दुपार अजून खुपते.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना हजार रुपयांत निघाला होता, बुकिंगचे पैसे पुण्यातूनच भरले होते. काउंटरवर अनामत रकमेसाठी कार्ड मागितलं. फॉरेक्स कार्ड दिलं, तर प्रीपेड चालत नाही म्हणे. नवऱ्याचं क्रेडिट कार्ड दिलं, तर गाडी माझ्या नावावर आणि कार्ड त्याच्या, तेही नको. शेवटी माझं काढलं, तर व्यवहार नाकारला गेला. नव्या कार्डांचा परदेशातला वापर बंदच असतो, आपण सुरू करावा लागतो; तो मी केलाच नव्हता. ॲपमध्ये सुरू करायला गेले, तर ओटीपी भारतातल्या नंबरवर. ते सिम पुण्यात, कपाटाच्या खणात!

तिकडे रात्रीचा साडेबाराचा सुमार. वहिनीला फोन करून उठवलं. तिने सिम शोधलं, फोनमध्ये घातलं. ती आकडे वाचून दाखवेपर्यंत मुदत संपायची. तिसऱ्यांदा जमलं. तोवर आमचा नंबर गेला, पुन्हा रांगेत उभे. बुकिंगच्या ईमेलमध्ये फक्त ‘वैध कार्ड आणावे’ एवढंच होतं. ‘क्रेडिट कार्ड, चालकाच्या नावाचं’ हे चार शब्द लिहिले असते तर पावणेतीन तास वाचले असते. काउंटरवरच्या मुलीला मी हे सांगितलंही.

आम्ही निघालो झायन नॅशनल पार्कला. ते युटा राज्यात, आणि युटाचं घड्याळ लास वेगासच्या नेवाडा राज्याच्या एक तास पुढे, त्यामुळे पोचलो ते अंधारात. संध्याकाळच्या उन्हात तिथला चेकरबोर्ड मेसा, म्हणजे चौकटी-चौकटींचा खडकाळ डोंगर, बघायचं कॉलेजात भूशास्त्र शिकल्यापासून मनात होतं. ते सकाळी पाहिलं. तिरक्या रेघा ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांच्या, वाऱ्याने रचलेल्या. उभ्या भेगा पुढे दगड झिजताना पडलेल्या. बोट फिरवलं की वाळूचे कण सुटून हाताला लागतात.

हो, प्रवेशाचा पास! झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन या तिन्ही नॅशनल पार्कांना तेव्हा गाडीमागे प्रत्येकी 35 डॉलर होते; तिन्हींना चालणारा 80 डॉलरचा वार्षिक पास घेतला. आणि घड्याळाचं लक्षात ठेवा: उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणं) ग्रँड कॅन्यनचं ॲरिझोना राज्य पाळत नाही, पण त्यातलाच नावाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश पाळतो. तिथल्या पेज गावाहून कॅमेरॉन गावाकडे जाताना फोनवरची वेळ बदलत राहते.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ ही पृथ्वीचा भूतकाळ मोजणारी पायवाट मात्र पायीच करा. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं मागे. 66 मीटरवर मी थांबले: आपल्या सह्याद्रीचा काळा दगड या काळातला. काठावरचा कैबाब चुनखडक थेट 270 मीटरवर, आणि दरीच्या तळाचा ‘विष्णू शिस्ट’ नावाचा खडक त्याच्याही दीड किलोमीटर पुढे. नवरा तोवर बाकावर बसला होता, मी शेवटपर्यंत चालत गेले.

अनामत रक्कम अकराव्या दिवशी परत आली.