मूठमाती : पंचविसाव्या रस्त्यावरचे घर

लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात, पंचविसावा रस्ता आणि आर्लिंग्टन ॲव्हेन्यू जिथे मिळतात तिथे, १९०४ साली बांधलेले एक मोठे लाकडी घर आहे. ते फिलिपिनो फेडरेशन ऑफ अमेरिका या संस्थेचे घर म्हणून ओळखले जाते. मी मात्र ते गेली अनेक वर्षे 'फिशर अँड सन्स' या नावाने ओळखत होते. 'सिक्स फीट अंडर' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतले, अंत्यविधीचा व्यवसाय करणारे फिशर कुटुंब याच घरात राहत असे, तळघरात मृतदेहांची तयारी करत असे, खालच्या दालनात शोकसभा घेत असे आणि वरच्या मजल्यावर जेवत, भांडत, झोपत असे. गेल्या मे महिन्यात भाचीकडे गेले असता मी हे घर पाहून आले.

भाची विद्यापीठाजवळ राहते. "मावशी, लोक इथे येऊन हॉलिवूडची पाटी बघतात, तू हे काय बघायला निघालीस?" असे तिने विचारले खरे, पण रविवारी सकाळी ती माझ्याबरोबर निघाली. आम्ही मेट्रोच्या ई लाइनने वेस्टर्न स्थानकावर उतरलो आणि तिथून उत्तरेकडे चालत गेलो. अंतर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास असेल. रस्त्याच्या दुतर्फा नीलमोहर फुलला होता आणि पदपथावर त्याच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता. साताऱ्यातही मे महिन्यात हे झाड असेच फुलते, त्यामुळे परक्या शहरातून चालतो आहोत असे पहिल्या काही मिनिटांतच वाटेनासे झाले.

मी इतक्या दूर हे घर पाहायला का गेले, हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एका दुपारी घरीच गेले. आईला ते सांगितले तेव्हा तिच्या तोंडून पहिले वाक्य आले ते, "गॅसवर दूध आहे, बघा कुणीतरी." अर्ध्या तासात गल्लीतली माणसे जमली. कुणी बांबू आणले, कुणी सुतळी, कुणी मडके आणि गोवऱ्या. अंगणात तिरडी बांधली गेली, अण्णांना आंघोळ घालण्यात आली, बुक्का लावला गेला आणि त्यांना संगम माहुलीला नेण्यात आले. चुलतभावाने अग्नी दिला. आम्ही बायका घरात थांबलो, कारण आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, आणि त्या दिवशी तो विषय काढण्याचे बळ माझ्यात नव्हते. ज्या माणसाने मला चालायला शिकवले, त्याच्या देहाचे शेवटचे चार तास मला केवळ ऐकून माहीत आहेत. शेजाऱ्यांनी केलेल्या मदतीबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. तरीही आपल्याला काहीतरी करू दिले गेले नाही, ही बोच गेली नाही.

सुतक संपल्यानंतरच्या महिन्यात भाचीच्याच सांगण्यावरून मी ही मालिका पाहायला घेतली. ॲलन बॉल यांनी ती एचबीओ वाहिनीसाठी निर्माण केली होती. ३ जून २००१ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला, २१ ऑगस्ट २००५ रोजी शेवटचा. पाच पर्वे, एकूण ६३ भाग. बॉल तेरा वर्षांचे असताना त्यांच्या बहिणीचा मोटार अपघातात मृत्यू झाला आणि त्या वेळी तेही त्याच गाडीत होते. हे मला नंतर कळले, पण पहिल्याच भागात जाणवले होते की हे लिहिणाऱ्याने मृत्यू जवळून पाहिला आहे आणि त्याला अंत्यविधीचे चकचकीत, गप्प रूप मान्य नाही.

पहिल्या भागात नाताळच्या आदल्या दिवशी घरचा कर्ता, नॅथॅनिएल फिशर, नवी कोरी शववाहिका घेऊन विमानतळाकडे निघतो आणि एका बसच्या धडकेत मरतो. अंत्यविधीचा धंदा करणारा माणूस शववाहिकेतच मरावा, ही मालिकेच्या काळ्या विनोदाची पहिली खूण. फोनवर बातमी ऐकून त्याची बायको रूथ ओव्हनमधले भांडे भिरकावते आणि मुलाला सांगते ते या क्रमाने : नव्या गाडीचा चुराडा झाला, तुझे वडील गेले, आणि माझा रोस्ट वाया गेला. फ्रान्सिस कॉनरॉय यांनी तो प्रसंग असा उभा केला आहे की हसू येते आणि त्याच क्षणी घसा दाटून येतो. मला तर आईचे दूधच आठवले. आघात झाला की मन हाताजवळच्या वस्तूला धरून बसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या वाक्यात थट्टा दिसत नाही.

आम्ही घरासमोर पोहोचलो तेव्हा दहा वाजले असतील. उतरती छपरे, पुढची पडवी आणि पायऱ्या, सारे ओळखीचे. मी पलीकडच्या पदपथावरच थांबले. वास्तू खासगी आहे, तिथे जाऊन डोकावणे योग्य नव्हते. शिवाय आत मला हवे ते सापडलेही नसते, कारण तळघर, स्वयंपाकघर आणि शवपेट्यांचे दालन हे सारे हॉलिवूडमधल्या सनसेट गोवर स्टुडिओत उभारलेले होते. दुसऱ्या दिवशी बसमधून जाताना त्या स्टुडिओच्या भिंती पाहिल्या, त्यावर सांगण्यासारखे काही नाही. घराचे बाह्यरूप मात्र खरे आहे, आणि ते पाहताना मालिकेची मूळ कल्पना किती नेमकी होती हे उमगले. ही हवेली वस्तीच्या मधोमध, शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागून उभी आहे. अशा घरात मृत्यू हे कुटुंबाचे रोजचे काम असेल, तर शाळेला जाणाऱ्या मुलीला त्याच पायऱ्या उतराव्या लागतात ज्या पायऱ्यांवरून शोकाकुल माणसे चढत असतात.

त्या मुलीचे नाव क्लेअर. लॉरेन ॲम्ब्रोस यांनी केलेली ही भूमिका मला सर्वांत जवळची वाटते. पहिल्या पर्वात एक बेकरीवाला कणीक मळण्याच्या अवाढव्य यंत्रात सापडून मरतो आणि त्याचे तुकडे झालेले शरीर फिशरांकडे येते. क्लेअर त्यातले एक पाऊल चोरून, आपला विश्वासघात करणाऱ्या मुलाच्या शाळेतल्या लॉकरमध्ये ठेवते. ऐकताना हा प्रकार किळसवाणा वाटेल, पण जी मुलगी मृतदेहांच्या वर झोपून वाढली तिला राग व्यक्त करायला हाताशी दुसरे काय होते, असा प्रश्न तो भाग पाहताना पडतो. चौथ्या पर्वात एक भाविक बाई आकाशात तरंगत जाणाऱ्या रबरी बाहुल्या पाहून, पुण्यवंत माणसे सदेह स्वर्गाला चालली आहेत असे समजते, आनंदाने गाडीतून उतरते आणि दुसऱ्या गाडीखाली येते. जवळपास प्रत्येक भाग अशा एका मृत्यूने सुरू होतो आणि मग पडदा पांढरा होऊन त्यावर नाव, जन्मसाल आणि मृत्युसाल उमटते. आपल्याकडे छायाचित्राला हार घालून खाली तारखा लिहितात, तसेच. हसवून झाल्यावर मालिका त्या माणसाच्या घरच्यांना फिशरांच्या दारात आणते आणि त्यानंतर मेलेला माणूस कुणासाठी चेष्टेचा विषय उरत नाही. या विनोदाला मी क्रूर म्हणू शकत नाही.

समोरच्या घराकडेही मी वळून पाहिले. मालिकेत क्रोनर नावाची मोठी कंपनी कुटुंबांची फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारी घरे, विकत घेत सुटलेली असते. फिशर भाऊ नकार देतात, तेव्हा ती त्यांच्या समोरचीच वास्तू घेऊन स्वस्त दहनाचा धंदा सुरू करू पाहते. अमेरिकेत हा धंदा आहे, आणि धंदा म्हणून त्याला कायदेही लागले आहेत : १९८४ पासून तिथे मृताच्या नातेवाइकांना सेवांचे दरपत्रक देणे बंधनकारक आहे. आपल्या शहरांतही आता तिरडीपासून दहाव्यापर्यंतची व्यवस्था पैसे घेऊन करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. गल्ल्या रिकाम्या झाल्यावर त्या निघणारच, आणि परगावी एकट्या पडलेल्या माणसाला त्यांचा आधार वाटतो हेही खरे आहे. मला चिंता वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती मालिकेने पहिल्याच भागात मांडली आहे.

नॅथॅनिएलला पुरताना नातेवाइकांच्या हाती माती थेट दिली जात नाही. मिठाच्या डबीसारख्या छिद्रे असलेल्या एका भांड्यातून त्यांनी ती शवपेटीवर भुरभुरायची असते, म्हणजे हात मळत नाहीत. थोरला मुलगा नेट, पीटर क्राउझ यांनी साकारलेला, हे सहन करू शकत नाही. सिसिलीजवळच्या बेटावर त्याने एकदा शवपेटी घेऊन आलेली होडी आणि काठावर ऊर बडवून रडणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या बायका पाहिलेल्या असतात. त्याला ते रडणे प्रामाणिक वाटलेले असते. तो डबी नाकारतो, ढिगाऱ्यातली माती हाताने उचलतो आणि बापाच्या पेटीवर टाकतो. धाकटा डेव्हिड, ज्याने सारी वर्षे हा व्यवसाय शिस्तीने सांभाळला आहे, लाजेने आणि संतापाने ताठ उभा राहतो. मग रूथ पुढे येते. आयुष्यभर आवाज न चढवलेली ती बाई मातीत हात घालते आणि जनावरासारखी ओरडते.

मराठीत आपण 'मूठमाती देणे' म्हणतो. जुन्या प्रथांना मूठमाती दिली, मतभेदांना मूठमाती दिली, असे लिहिताना त्यातली मूठ आणि माती दोन्ही झिजून गेली आहेत. तो प्रसंग पाहताना मला हा शब्द पहिल्यांदा हाताला लागला. माझ्या मुठीत त्या दिवशी काहीच नव्हते.

पाचव्या पर्वात नेट स्वतः मरतो. त्याच्या इच्छेनुसार त्याच्या देहाला रसायने भरत नाहीत, पेटीतही ठेवत नाहीत. कफनात गुंडाळून झाडीतल्या खड्ड्यात ठेवतात आणि घरचीच माणसे फावड्यांनी माती लोटतात. ज्या घराने चार पर्वे इतरांचे मृतदेह सजवले, ते घर आपल्या माणसासाठी ते सारे बाजूला ठेवते. शेवटचा भाग तर मृत्यूने सुरूही होत नाही, एका जन्माने होतो. त्यानंतरच्या अखेरच्या मिनिटांविषयी लोक खूप बोलतात. मला मात्र मालिका त्या फावड्यांशी पूर्ण झाली असे वाटते.

आणखी एक गोष्ट. मालिकेच्या शीर्षकदृश्यात एकमेकांपासून सुटणारे दोन हात आहेत, कोमेजत जाणारी लिलीची फुले आहेत, आणि एक कावळा आहे. ज्या भाषेत पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते, त्या भाषेतल्या माणसाला तो कावळा केवळ अशुभाची खूण वाटणे शक्य नाही. अण्णांच्या दहाव्याला कावळा बराच वेळ आला नव्हता आणि आई, "त्यांची अंजिराची झाडे मी बघेन म्हणून सांगा कुणीतरी," असे म्हणाली होती.

तिथून आम्ही वॉशिंग्टन बुलेव्हार्डवरच्या एंजेलस रोझडेल दफनभूमीकडे गेलो. महामार्ग ओलांडून सुमारे अडीच किलोमीटर चालावे लागते. १८८४ साली सुरू झालेली ही दफनभूमी, कोणत्याही वंशाच्या आणि धर्माच्या मृताला जागा देणारी या शहरातली पहिली. १८८७ मध्ये इथे दहनाची सोय झाली, ती रॉकी पर्वतांच्या पश्चिमेकडची पहिली होती. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनिएल इथे आहेत. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती. १९५२ मध्ये त्या वारल्या तेव्हा वर्णामुळे तिथे नकार मिळाला. हॉलिवूडच्या त्या दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे राहिले ते १९९९ साली. त्यांच्या दगडापाशी मी थोडा वेळ उभी राहिले.

पलीकडे एक दफन नुकतेच आटोपले होते. माणसे गाड्यांकडे परतत होती. मातीच्या ढिगाऱ्यावर हिरवे कृत्रिम गवत अंथरलेले होते, जेणेकरून जमलेल्यांना माती दिसू नये. गाड्या गेल्यावर दोन कामगारांनी ते गवत गुंडाळले. खालची माती तांबूस, ढेकळांची, कोरडी होती. त्यांनी घाई केली नाही. भाची पाणी आणायला फाटकाकडे गेली आणि मी खड्डा भरेपर्यंत एका झाडाखाली उभी राहिले. मधे एकाने वर पाहिले, मला घरातलीच कुणी समजून टोपी काढली, आणि फावडे थांबवून तो बाजूला झाला. मी पुढे गेले नाही. मान हलवून त्याला नको म्हटले, तेव्हा तो पुन्हा कामाला लागला.