आज लक्ष्मी रोडच्या मधोमध चाललो
11 डिसेंबर, पुण्यातला पादचारी दिन. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक रस्ता गाड्यांना बंद होता. आईला म्हटलं, चल.

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एका दुचाकीचा आरसा तिच्या हाताला लागला. तेव्हापासून लक्ष्मी रोड म्हटलं की ती नको म्हणायची. आज कुंटे चौकापर्यंत माझा दंड घट्ट धरून होती, मग कधी सोडला कळलंच नाही. साड्यांच्या दुकानांपुढे रस्त्याच्या अगदी मधे थांबून तिने वर पाहिलं. म्हणाली, "अगं, या वाड्याला एवढी सुंदर लाकडी गॅलरी आहे? चाळीस वर्षं येतेय मी इथे!" दर चार पावलांवर मागे वळून बघायचं नसलं की माणूस वर बघतो.

आणि आवाज! बांगड्यांचा, लहान मुलांचा, ओळखीच्यांच्या हाकांचा. हॉर्न एकही नाही.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून हे चाललंय. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत सायकली आणि चालणाऱ्यांसाठी मोकळे. आपण तर एकेकाळचं सायकलींचं शहर! वर्षातून एक दिवस फार कमी आहे हो. महिन्यातला एक रविवार तरी द्या.

गरुड गणपतीपाशी बॅरिकेड ओलांडलं, पहिला हॉर्न वाजला आणि आईने पुन्हा माझा दंड धरला.