कृष्ण तुळशीचं तेल: युजेनॉलचा माग

मंजिऱ्या धरल्यावर तोडलेला, सावलीत वाळवलेला पाला क्लेव्हेंजरमध्ये (पाण्यासोबत उकळून तेल वेगळं करायच्या काचेच्या उपकरणात) चढवून तेल काढलं. वाळल्या पाल्याच्या एक टक्काही तेल सुटलं नाही, पण तुळशीकडून जास्त अपेक्षा नव्हतीच. युजेनॉल, म्हणजे लवंगेला तिचा वास देणारं द्रव्य, थोडंफार पाण्यात विरघळतं, म्हणून खालचं पाणी ओतून दिलं नाही. मीठ घालून, हेक्झेनने झटकून त्यातलंही वेगळं काढून ठेवलंय.

आधी टीएलसी, म्हणजे प्लेटवरच्या पातळ थरात मिश्रणातले घटक वेगळे करायची चाचणी. सिलिका प्लेट, टोल्युइन आणि इथिल ॲसिटेट 93:7, शेजारी तुलनेला लवंगेचं तेल. स्वस्तात मिळणारं आणि बहुतांश युजेनॉलच असलेलं दुसरं प्रमाण मला तरी ठाऊक नाही. 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली हिरव्या प्लेटवर दोघांचे काळे डाग एका उंचीवर आले. व्हॅनिलिन-सल्फ्युरिक फवारून तापवल्यावर अगदी वरच्या टोकाला जांभळट डाग उमटला. तो कॅरिओफायलीनच्या जातीच्या हायड्रोकार्बनांचा. (फवारा गच्चीवर मारा, स्वयंपाकघरात नको.)

मग एका खाजगी प्रयोगशाळेतून जीसी-एमएस करून घेतलं. यात घटक वायुरूपात लांब नळीतून (कॉलममधून) वेगळे होतात आणि वस्तुमानावरून ओळखले जातात. अहवालात प्रत्येक पीकपुढे (आलेखातल्या शिखरापुढे) लायब्ररी मॅचचा, म्हणजे साठवलेल्या नोंदींशी जुळण्याचा, भरघोस आकडा आहे, पण सेस्क्विटर्पीनांच्या (कॅरिओफायलीनच्या जातीच्या घटकांच्या) बाबतीत त्या आकड्यावर माझा विश्वास नाही. बहुतेकांचं वस्तुमान 204 आणि तुकडेही जवळपास सारखेच, मग लायब्ररी बिचारी काय ओळखणार? रिटेन्शन इंडेक्स हवाच, म्हणजे अल्केनांच्या (साध्या साखळीच्या हायड्रोकार्बनांच्या) तुलनेत घटक कॉलममधून कधी बाहेर येतो त्याचा आकडा. डीबी-5 कॉलमवर युजेनॉल 1357च्या आसपास येतं, मिथाइल युजेनॉल 1403 आणि बीटा-कॅरिओफायलीन 1418च्या. शेवटची दोन इतकी शेजारी की तापमान भरभर चढवलं तर एकमेकांवर चढतात. माझ्या आलेखात तिथे एकच पीक आहे, खांदा असलेलं. त्याच्या चढावर मिथाइल युजेनॉलचं वस्तुमान 178 ठळक, उतारावर कॅरिओफायलीनचं 204. म्हणजे दोन्ही आहेत. अहवालाने मात्र सगळं क्षेत्रफळ कॅरिओफायलीनच्या नावावर टाकलंय.

पडताळ्यासाठी फार्माकोपियाची (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाची) जुनी युक्ती वापरली: कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणात तेल हलवायचं. युजेनॉल फिनॉल, म्हणजे सौम्य आम्लधर्मी, असल्याने विरघळून जातं, मिथाइल युजेनॉल वर तरंगत राहतं. यासाठीचा कॅसिया फ्लास्क (लांब, खुणांच्या मानेचा चंबू) भरेल एवढं तेल कुठलं, खुणांच्या सेंट्रिफ्यूज नळीत भागवलं. तेलाची घट जीसीतल्या युजेनॉलच्या टक्क्यापेक्षा किंचित कमी निघाली. क्षेत्रफळाचा टक्का आणि आकारमानाचा टक्का एक नव्हेत, त्यामुळे एवढा फरक मला मान्य आहे.

पुढच्या खेपेला राम तुळस. सोबत रिटेन्शन इंडेक्ससाठी अल्केनची मालिकाही चालवून द्या आणि तापमान सावकाश चढवा, असं प्रयोगशाळेला आधीच सांगून ठेवलंय.